धगधगत्या हवेतील उष्णतेचे मोजमाप

दिनांक ६ जून २०१७ रोजी पहाटे सव्वापाचच्या सुमारास जयपूर शहरालगतच्या मुकुंदपुरा या गावी आकाशातून एक दगड पडला. मोठा आवाज झाला, जमिनीत एक उथळ खड्डा पडला आणि दगडाचे तुकडे झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने गोळा केलेल्या या तुकड्यांचे एकूण वजन सुमारे २ किलोग्रॅम भरले. तपासणीअंती हा अशनी कार्बनयुक्त कॉन्ड्राइट या दुर्मिळ जातीचा, त्यातही 'सीएम' या वर्गाचा असल्याचे निश्चित झाले. या वर्गातील अशनींच्या अंगी एक विशेष असतो. त्यांच्यातील खनिजे मातीसारखी असून त्यांनी पाणी आपल्या घटनेत बांधून ठेवलेले असते. कित्येकदा ते वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरते. असा दगड काही शे अंशांपर्यंत सावकाश तापविला, तर हे पाणी निघून जाते व खनिजांचे रूपच पालटते.

तेव्हा मुकुंदपुऱ्याचा दगड हातात घेणाऱ्याच्या मनात एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने हा दगड वातावरणात शिरला. त्याच्या भोवतालची हवा काही हजार अंशांपर्यंत तापली. त्याचा पृष्ठभाग वितळून त्यावर काळे कवच चढले. असे असूनही आतली पाणी धरून ठेवणारी माती जशीच्या तशी कशी राहिली? याचे उत्तर असे की अशनीवर उष्णतेचा मारा भयंकर असला, तरी तो थोड्याच सेकंदांचा असतो. जो थर तापतो तो वितळून अथवा वाफ होऊन मागे उडून जातो व जाताना आपल्याबरोबर उष्णताही घेऊन जातो. दगड उष्णतेचा मंद वाहक असल्यामुळे उरलेली उष्णता आत झिरपण्यास वेळच मिळत नाही. म्हणून अशनींवरील काळे कवच बहुधा नखाच्या जाडीइतकेही नसते.

अंतरिक्षातून परतणाऱ्या यानाचे रक्षण याच युक्तीने करण्यात येते. फरक एवढाच की दगड शेकडोंनी येतात व त्यांतील बहुतेक जळून नष्ट होतात, त्याची खंत कोणी करीत नाही. यान मात्र एकच असते आणि त्यात माणसे असू शकतात. यानाच्या तोंडाशी बसविलेली ढाल किती जाड असावी हे आधी ठरवावे लागते. ती पातळ झाली तर सर्वनाश. जाड झाली तर तिच्या प्रत्येक किलोग्रॅमपायी तेवढ्याच वजनाचे उपकरण, इंधन वा अन्न खाली ठेवून जावे लागते. या निर्णयाचा पाया म्हणजे एक संख्या: ढालीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर प्रत्येक सेकंदास किती उष्णता येऊन पोहोचते. ही संख्या मिळविणे जितके आवश्यक तितकेच कठीण आहे.

उष्णता येते कोठून?

पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत फिरणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर असतो. तिच्या प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे ३ कोटी जूल इतकी गतिज ऊर्जा साठलेली असते. उत्तम दगडी कोळशाचा एक किलोग्रॅम जाळला असता साधारण इतकीच उष्णता निघते, आणि लोखंडाचा एक किलोग्रॅम वितळवून त्याची वाफ करण्यास याहून पुष्कळच कमी लागते. ही सारी ऊर्जा यानातच मुरली असती, तर कोणतेही यान परत आले नसते.

ही उष्णता हवेच्या घर्षणाने निर्माण होते असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते सर्वस्वी खोटे नाही, पण मुख्य कारण वेगळे आहे. इतक्या वेगाने येणाऱ्या वस्तूच्या वाटेतून बाजूला होण्यास हवेला अवसरच मिळत नाही. ती यानापुढे दाबली जाते आणि तिचा एक आघात-तरंग तयार होऊन यानाच्या तोंडापुढे छत्रीसारखा उभा राहतो. या तरंगातून पार होताना हवेचे तापमान एकदम काही हजार अंशांनी चढते. यानाची ऊर्जा अशा रीतीने प्रथम हवेला मिळते आणि त्या हवेतून तिचा काही अंश यानाकडे परततो.

हा अंश किती असावा हे यानाच्या आकारावर अवलंबून असते, ही गोष्ट अमेरिकेच्या एम्स प्रयोगशाळेतील एच्. ज्युलियन ॲलन याच्या १९५१ च्या सुमारास ध्यानी आली. त्या काळी बाणासारखे अणकुचीदार टोक हेच वेगवान वस्तूचे योग्य रूप मानले जाई. ॲलनने उलट सांगितले की टोक जितके बोथट तितका आघात-तरंग यानापासून दूर राहतो व तापलेली हवा बहुतेक उष्णता घेऊन बाजूने निसटून जाते. पुढे १९५८ मध्ये फे आणि रिडेल यांनी प्रसिद्ध केलेल्या गणिताने या विचाराला आकडेवारीचा आधार दिला. त्यानुसार नाकाच्या गोलाईची त्रिज्या चौपट केली की अगदी समोरच्या बिंदूवर येणारी उष्णता निम्मी होते. हा नियम पुढे मोजमापाच्या वर्णनात पुन्हा उपयोगी पडणार आहे.

तापमान वेगळे, ओघ वेगळा

येथे दोन कल्पनांची गल्लत टाळली पाहिजे. दिवाळीतील फुलबाजीची ठिणगी हजार अंशांच्या घरात तापलेली असते, तरी ती हातावर पडली तर क्षणभर चटका बसण्यापलीकडे काही होत नाही. उकळत्या पाण्याचे तापमान अवघे शंभर अंश, पण ते सांडले तर कातडी सोलून निघते. ठिणगीचे तापमान मोठे असले तरी तिच्यापाशी देण्याजोगी उष्णता थोडी असते. तद्वत् उंचावरील विरळ हवा सहा-सात हजार अंशांची असली, तरी तेवढ्यावरून ढालीवर काय ओढवेल ते कळत नाही. कळावयास हवा तो उष्णतेचा ओघ, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदास येणारी उष्णता. ती वॅटमध्ये सांगतात.

ज्येष्ठातल्या दुपारी जयपूरच्या गच्चीवर ऊन पडते, त्याचा ओघ चौरस सेंटिमीटरला सुमारे एक दशांश वॅट असतो. घरगुती गॅसच्या मोठ्या शेगडीवरील पातेल्याच्या बुडातून तो तीन-चार वॅट भरतो. कक्षेतून परतणाऱ्या यानाच्या ढालीवर तो शंभर वॅटच्या आसपास जाऊ शकतो. म्हणजे जयपूरचे हजार सूर्य एकाच जागी तळपावेत तसे. चंद्रावरून परतताना वेग सेकंदाला ११ किलोमीटर होतो आणि ओघ कित्येक शे वॅटपर्यंत चढतो. शंभर वॅटच्या ओघात उष्णतारोधक काळा पृष्ठभाग उभा केला आणि मिळालेली सारी उष्णता तो प्रकाशरूपाने परत फेकू लागला, तरी तो १,८०० अंश सेल्सिअसच्या जवळपास जाऊन स्थिरावेल. पोलाद त्याच्या आधीच वितळलेले असेल.

अशा ओघात कोणते उपकरण धरावयाचे? उष्णतेचा ओघ सरळ मोजणारे उपकरण अस्तित्वातच नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. जयपूरच्या वेधशाळेतील सम्राट यंत्र काळ दाखविते असे म्हणतात; वस्तुतः ते छायेचे स्थान दाखविते व त्यावरून काळ काढावा लागतो. सवाई जयसिंहाच्या ज्योतिष्यांना याची पूर्ण जाणीव होती, म्हणूनच छायेची कड कशी धूसर होते, दगड किती अचूक बसला आहे, याकडे त्यांना बारकाईने पाहावे लागे. ओघमापकाचेही तसेच आहे. तो तापमान मोजतो, अथवा दोन तापमानांतील अंतर मोजतो. ओघ त्यावरून काढावा लागतो, आणि त्या काढण्यातच सारे धोके दडलेले असतात.

जमिनीवरील कृत्रिम वातावरण-प्रवेश

मापकांकडे वळण्यापूर्वी ते कोठे वापरले जातात हे पाहणे बरे. पुनःप्रवेशाची सारी परिस्थिती एकाच प्रयोगशाळेत उभी करणे आजवर कोणालाही साधलेले नाही. म्हणून तिचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यासाठी वेगळे यंत्र योजतात.

पहिले यंत्र विद्युत् प्रज्योतीवर चालते. दोन विद्युत्-अग्रांमधील प्रखर प्रज्योतीतून हवा लोटली की ती तापून तिचे रेणू फुटतात व काही अंशी तिचा प्लाझ्मा बनतो. ही हवा तोटीतून निर्वात कोठडीत सोडली की तिचा झोत मिळतो, आणि त्या झोतापुढे ढालीचा नमुना मिनिटेच्या मिनिटे धरून ठेवता येतो. एम्स येथील अशा एका यंत्रास ६० मेगावॅट वीज लागते. एखाद्या लहान शहराची ही गरज होय. तिरुवनंतपुरम् येथील विक्रम साराभाई अंतरिक्ष केंद्रातही प्लाझ्मा वातविवराची सोय आहे. या झोतात उष्णता खरी असते, पण वेग उड्डाणाइतका नसतो.

दुसरे यंत्र म्हणजे आघात-तरंगाचे वातविवर. एका लांब नळीत मध्ये धातूचा पातळ पडदा बसवून एका बाजूस वायू अतिशय दाबाने भरतात. पडदा फुटताच आघात-तरंग नळीतून धावतो, दुसऱ्या बाजूचा वायू दाबून तापवितो आणि तो वायू तोटीतून ध्वनीच्या कित्येक पट वेगाने नमुन्यावर आदळतो. येथे वेग व आघात-तरंग उड्डाणासारखे मिळतात, परंतु सारा खेळ साधारण एक सहस्रांश सेकंदात आटोपतो. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अशी वातविवरे आहेत.

एका यंत्रात वेळ भरपूर, दुसऱ्यात वेळ जवळजवळ नाहीच. म्हणूनच मापकही दोन अगदी भिन्न जातींचे निघाले.

तांब्याची चकती

प्रज्योतीच्या झोतातील सर्वांत साधा मापक म्हणजे तांब्याची एक चकती. तिच्या पाठीला तपयुग्म जोडलेले असते, म्हणजे दोन भिन्न धातूंच्या तारांचा सांधा. तापमानाप्रमाणे त्यात सूक्ष्म विद्युत्-दाब निर्माण होतो. चकती झोतात सारली की तापू लागते. तांब्याची घनता व विशिष्ट उष्णता ठाऊक असते, चकतीची जाडी मोजलेली असते. त्यांच्या गुणाकाराला तापमानवाढीच्या वेगाने गुणले की ओघ निघतो. एक सेंटिमीटर जाडीची चकती १०० वॅटच्या ओघात सेकंदाला सुमारे २९ अंशांनी तापते. ५०० वॅटमध्ये तोच वेग १४५ अंशांवर जातो, आणि सुमारे सात सेकंदांत तांबे आपल्या वितळबिंदूला, १,०८५ अंशांना, जाऊन भिडते. अर्थात चकती तत्पूर्वीच बाहेर काढावी लागते. म्हणून ती एका फिरत्या दांड्यावर बसवून झोतातून पटकन ओढून नेतात.

कल्पना इतकी सरळ आहे की शाळकरी मुलालाही समजावी. अडचणी मात्र एकामागून एक उभ्या राहतात. समोर पडलेली उष्णता चकतीच्या पाठीपर्यंत पोहोचण्यास सुमारे अर्धा सेकंद लागतो. तोवरचे वाचन निरुपयोगी. त्यानंतर चकती तापू लागली की ती आपल्या धारकाला उष्णता देऊ लागते. ही गळती कमी व्हावी म्हणून चकती धारकात घट्ट न बसविता भोवती बारीक फट ठेवून तीन-चार टोकदार आधारांवर तोलून धरतात. पण फट मोठी झाली तर तापलेला वायू तिच्यातून आत शिरतो व चकतीला बाजूनेही तापवितो. तेव्हा मापकाचे उत्तर खऱ्याहून मोठे येते. फट लहान ठेवावी तर गळती, मोठी ठेवावी तर घुसखोरी. अनुभवी प्रयोगकर्ते चकती झोतातून बाहेर आल्यानंतरही नोंद चालू ठेवतात. ती किती वेगाने निवते हे पाहून गळतीचा अंदाज येतो, आणि तेवढी भर तापमानवाढीच्या वेगात घालता येते. झोताबाहेरचे ते दहा-पंधरा सेकंद कंटाळवाणे असतात, पण त्यांच्यावाचून आधीच्या दोन सेकंदांना किंमत नाही.

धारकाच्या आकाराचाही प्रश्न आहे. गोलाईचा जो नियम वर सांगितला, त्यामुळे मापकाचे नाक व नमुन्याचे नाक सारख्याच आकाराचे असावे लागते. लहान नाकाच्या मापकाने मोठ्या नाकाच्या नमुन्यावरील ओघ मोजणे म्हणजे सुईच्या टोकाला बसलेल्या दाबावरून तळहातावरील दाब सांगणे होय.

दीर्घकाळ मोजावयाचे असल्यास चकती पाण्याने थंड ठेवतात. येणारे व जाणारे पाणी यांच्या तापमानांतील अंतर, आणि दर सेकंदास वाहिलेले पाणी, यांवरून ओघ काढतात. ही पद्धत विश्वासार्ह खरी, पण फार संथ.

याहून चतुर रचना रॉबर्ट गार्डन याने १९५३ मध्ये वर्णिली. कॉन्स्टंटन या तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूचा एक अतिशय पातळ गोल पत्रा घेऊन त्याची कड तांब्याच्या जाड नळकांड्यावर जोडावयाची, आणि पत्र्याच्या मध्यास पाठीमागून तांब्याची केसासारखी तार लावावयाची. नळकांडे पाण्याने थंड ठेवले जाते. पत्र्यावर पडलेली उष्णता मध्याकडून कडेकडे वाहते. त्यामुळे मध्य गरम व कड थंड राहते, आणि या दोहोंतील अंतर ओघाच्या प्रमाणात असते. दोन मिलिमीटर व्यासाच्या व एका मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याइतक्या जाडीच्या पत्र्यात १०० वॅटचा ओघ सुमारे २४० अंशांचे अंतर पाडतो, आणि तेही सेकंदाच्या काही शतांश भागांतच. गंमत अशी की तापमान वाढते तशी कॉन्स्टंटनची उष्णतावाहकता वाढते व सांध्याचा विद्युत्-दाबही वाढतो. हे दोन दोष एकमेकांस जवळजवळ छेदतात आणि मापकाचे उत्तर सरळ रेषेत येते. निसर्गाने प्रयोगकर्त्याला इतकी सवलत क्वचितच दिली असेल.

परंतु गार्डनने हा मापक प्रकाशरूपाने येणाऱ्या उष्णतेसाठी योजला होता. प्रकाश पत्र्याच्या मध्यावर व कडेवर सारखाच पडतो. वाहत्या तप्त वायूचे तसे नाही. वायू थंड भागाला अधिक उष्णता देतो व गरम भागाला कमी. पत्र्याचा मध्य तापला की तेथील आवक घटते आणि मापकाचे उत्तर खऱ्याहून कमी येते. भट्टीपुढे प्रकाशात पारखून घेतलेला मापक झोतात जसाच्या तसा वापरला, तर ही चूक निमूटपणे उत्तरात शिरते.

एक सहस्रांश सेकंदाचे मापन

आघात-तरंगाच्या वातविवरात तांब्याची चकती कुचकामी. तिच्या पाठीला उष्णता लागण्याच्या कितीतरी आधी प्रयोग संपलेला असतो. तेथे उलट उपाय केला जातो. काचेसारख्या मंदवाहक पदार्थाच्या तुकड्यावर प्लॅटिनमचा अतिशय पातळ लेप देतात. तापमानाबरोबर प्लॅटिनमचा विद्युत्-रोध वाढतो, म्हणून लेप हाच तापमापक होतो. एका सहस्रांश सेकंदात उष्णता काचेत एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे जात नाही, त्यामुळे मागे काच किती आहे हा प्रश्नच उरत नाही. गणितात ती अनंत जाडीची समजता येते. १०० वॅटच्या ओघात एवढ्या काळात पृष्ठभाग सुमारे २४ अंशांनी तापतो. तापमान काळाबरोबर कसे चढले त्या वक्राच्या आकारावरून ओघ काढतात.

येथे उत्तर काचेच्या तीन गुणांवर, म्हणजे घनता, विशिष्ट उष्णता व वाहकता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर, उभे असते. पुस्तकातील आकडा घेऊन भागत नाही, कारण लेप भाजून काचेवर बसविताना काचेचा वरचा थर किंचित् बदललेला असतो. शिवाय फुटलेल्या पडद्याचे कण वायूबरोबर येऊन लेपावर आदळतात व त्यास ओरखडे पाडतात. एखाद्या तीव्र प्रयोगानंतर लेप शिल्लकच राहत नाही.

म्हणून सहअक्ष तपयुग्माची योजना झाली. एका धातूच्या बारीक नळीत दुसऱ्या धातूची तार, मध्ये रोधक पदार्थाचा पातळ थर. नळीचे तोंड नमुन्याच्या पृष्ठभागाशी समपातळीत घासून घेतात. घासताना एका धातूचे सूक्ष्म तंतू रोधकावरून ओढले जाऊन दुसऱ्या धातूस चिकटतात, आणि तोच सांधा होतो. अशा मापकाला कणांचा मारा बाधत नाही. झिजला तर पॉलिशकागदाने पुन्हा घासला की सांधा नवा. पवईच्या संस्थेतील संशोधकांनी आघात-तरंग वातविवरासाठी बनविलेल्या अशा तपयुग्माचे वर्णन २०१० मध्ये प्रसिद्ध केले. कोट्यवधी रुपयांच्या प्रयोगाचा निकाल पॉलिशकागदाच्या एका घाशीवर अवलंबून असावा, ही गोष्ट प्रयोगशाळेबाहेरच्या माणसाला खरी वाटणार नाही.

मापकच उष्णता वाढवितो तेव्हा

आतापर्यंत सांगितलेल्या चुका कारागिरीच्या होत्या. काळजी घेतली की त्या कमी होतात. याहून खोल अडचण रसायनशास्त्रातील आहे.

आघात-तरंगातून आलेली हवा ही नेहमीची हवा राहिलेली नसते. अडीच हजार अंशांपुढे ऑक्सिजनचे व चार हजारांपुढे नायट्रोजनचे रेणू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांचे सुटे अणू होतात. फुटताना त्यांनी उष्णता शोषलेली असते. हे अणू थंड पृष्ठभागाशी आले आणि तेथे पुन्हा जोडीने जुळले, तर शोषलेली उष्णता ते त्या पृष्ठभागावरच ओततात. आता ते जुळतील की नाही हे पृष्ठभाग कशाचा आहे यावर अवलंबून असते. स्वच्छ तांबे हे अणूंना जुळविणारे उत्तम उत्प्रेरक आहे. सिलिकेची काच या कामी अगदी उदासीन असते. म्हणजे एकाच झोतात, एकाच जागी, तांब्याचा मापक एक आकडा दाखवील आणि त्याच्या जागी ठेवलेल्या सिलिकेच्या फरशीवर प्रत्यक्षात पुष्कळच कमी उष्णता येईल. काही परिस्थितींत हा फरक दुपटीपर्यंत जातो. तांब्यावर ऑक्साइडची पुटी चढली की त्याची उत्प्रेरकता पालटते, आणि कालचा मापक आज वेगळे बोलू लागतो.

हा केवळ पुस्तकी तर्क नव्हे. अमेरिकेच्या कोलंबिया या अंतराळयानाच्या नोव्हेंबर १९८१ मधील दुसऱ्या उड्डाणात पोटाकडील काही सिलिका-फरशांवर मुद्दाम उत्प्रेरक लेप देण्यात आला होता. परतताना या फरशा शेजारच्या साध्या फरशांपेक्षा स्पष्टपणे अधिक तापल्या. हवा तीच, वेग तोच, उंची तीच; फरक फक्त पृष्ठभागाच्या कातडीचा.

तेव्हा 'या झोतात ओघ किती?' हा प्रश्न अपुरा आहे. 'कोणत्या पृष्ठभागावर, आणि तो किती तापलेला असता?' असे विचारले पाहिजे. कारण मापक पाण्याने थंड ठेवलेला असतो, तर ढाल दीड-दोन हजार अंशांवर असते, आणि गरम पृष्ठभाग वायूकडून कमी उष्णता घेतो. मापकाने सांगितलेला आकडा ढालीला लागू करण्यापूर्वी या दोन्ही दुरुस्त्या कराव्या लागतात, आणि त्यासाठी झोतातील वायूची एकंदर ऊर्जा व त्यातील सुट्या अणूंचे प्रमाण ठाऊक असावे लागते. ते मोजणे हे स्वतंत्रच प्रकरण आहे. शिवाय मापकांची पारख बहुधा प्रमाणभूत भट्टीपुढे थोड्या वॅटच्या ओघात होते आणि वापर शेकडो वॅटमध्ये; मधली मजल सरळ रेषा पुढे वाढवून गाठली जाते. चांगल्या प्रयोगशाळा म्हणूनच एकाच झोतात दोन-तीन भिन्न जातींचे मापक फिरवितात. त्यांची उत्तरे जुळली नाहीत, तर निदान चूक आहे एवढे तरी समजते.

उड्डाणातील कसोटी

शेवटी आकाशातच मोजावे लागते. चंद्रावरून परतण्याच्या वेगाची परीक्षा घेण्यासाठी १४ एप्रिल १९६४ आणि २२ मे १९६५ रोजी अमेरिकेने 'फायर' या नावाची दोन यानके सेकंदाला ११ किलोमीटरहून अधिक वेगाने वातावरणात सोडली. त्यांच्या तोंडाशी बेरिलियम धातूचे मापक थर तीन पदरांत बसविले होते. पहिला थर वितळू लागला की तो टाकून द्यावयाचा, खालचा ताजा थर उघडा करावयाचा, आणि मापन पुढे चालवावयाचे. म्हणजे तांब्याच्या चकतीचीच कल्पना. केवळ चकती काढून घेणे अशक्य म्हणून ती तीनदा बदलली.

भारताने आपले पहिले यान कक्षेतून परत आणले ते २२ जानेवारी २००७ रोजी. १० जानेवारीला श्रीहरिकोट्याहून सोडलेली ही ५५० किलोग्रॅमची कुपी बारा दिवसांनी बंगालच्या उपसागरात उतरली. तिच्या नाकावर कार्बन-फिनॉलिकचे टोपण व अंगावर सिलिकेच्या फरशा होत्या. त्यानंतर १८ डिसेंबर २०१४ रोजी माणसे नेण्याजोग्या आकाराची कुपी १२६ किलोमीटर उंचीवरून वातावरणात सोडून पाहण्यात आली. तीही सुखरूप समुद्रात उतरली.

अंदाज व अनुभव यांतील अंतराचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र गुरू ग्रहावरचे आहे. ७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओ यानाने सोडलेली कुपी सेकंदाला ४७ किलोमीटर वेगाने गुरूच्या वातावरणात शिरली. तिच्या ढालीत झीज मोजणारे मापक होते. त्यांच्या नोंदींवरून असे आढळले की नाकाशी ढाल अंदाजापेक्षा कमी झिजली, आणि खांद्याच्या बाजूस अंदाजापेक्षा अधिक. कुपी वाचली, पण आकडेमोडीने जेथे निर्धास्त राहावयास सांगितले होते तेथेच जाडी संपत आली होती.

कोलंबिया यानाची कथा याहून दुःखद आहे. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणाच्या वेळी फेसाचा एक तुकडा त्याच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. १ फेब्रुवारीला परतताना त्या जागेतून तप्त वायू पंखात शिरला व यान भंगले. कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यू पावले. कोलंबिया हे आपल्या मालिकेतील अंतराळात गेलेले पहिले यान असल्यामुळे त्यात परीक्षणासाठी अधिकचे मापक बसविलेले होते, जे इतर यानांत नव्हते. त्यांची नोंद भूमीकडे पाठविली जात नसे. ती यानातील चुंबकीय फितीवर साठे. १९ मार्च २००३ रोजी टेक्सासमधील हेम्पहिल गावाजवळ ती पेटी सापडली, आणि फीत वाचण्याजोगी निघाली. पंखाच्या कडेमागील कण्याला लावलेल्या एका तापमापकाने, वातावरणात शिरल्यानंतर अवघ्या काही मिनिटांत, चढते तापमान नोंदविले होते. पुढे एकेका मापकाच्या तारा जळत गेल्या आणि त्यांचे वाचन एकामागून एक बंद पडले. कोणता मापक आधी मुका झाला व कोणता नंतर, त्या क्रमावरून चौकशी करणाऱ्यांना वायूची पंखातली वाट आखता आली.